आयरिश ब्रॉडगेजची मॉडेल रेल्वे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डब्लिनला राहतो आणि माळ्यावर २१ मिलिमीटर रुंदीच्या रुळांची एक छोटी रेल्वे बांधतो आहे. ती अजून साडेतीन मीटरच्या पलीकडे गेलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरी पुणे, ठाणे, मेलबर्न आणि इथल्याच मराठी मंडळींकडून तेच ते प्रश्न येत राहतात. एकेकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं एका जागी ठेवलं आहे. सोपे प्रश्न आधी, डोकं खाणारे शेवटी.

१. आयरिश ब्रॉडगेज म्हणजे आपलीच ब्रॉडगेज ना?

नाही. आपल्याकडे ब्रॉडगेज म्हटलं की दोन रुळांतलं अंतर ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिमी. आयर्लंडचं ५ फूट ३ इंच, १६०० मिमी. इंग्लंडसकट युरोपात बहुतेक ठिकाणी असलेलं प्रमाण गेज ४ फूट साडेआठ इंच, १४३५ मिमी. आयरिश गेज या दोहोंच्या मध्ये बसतं. मुंबईच्या माणसाला इथली लोकल, म्हणजे डार्ट, ओळखीची वाटते. १९८४ साली ती सुरू झाली तेव्हा वर १५०० व्होल्ट डीसीची तार होती, आपल्या जुन्या लोकलसारखीच. रूळ मात्र आपल्यापेक्षा तीन इंचांनी अरुंद.

२. हा ५ फूट ३ इंचांचा विचित्र आकडा आला कुठून?

भांडणातून. डब्लिन ते किंग्सटाउन ही आयर्लंडची पहिली रेल्वे १८३४ साली सुरू झाली, इंग्लंडसारख्या ४ फूट साडेआठ इंचांवर. पाच वर्षांनी उत्तरेत अल्स्टर रेल्वेनं बेलफास्टहून लाइन सुरू केली ती ६ फूट २ इंचांवर. मग डब्लिन ते ड्रोहेडा कंपनी उठली आणि तिला ५ फूट २ इंच हवं झालं. अल्स्टरवाले आणि ड्रोहेडावाले एक दिवस एकमेकांना भिडणार हे नकाशावर कुणालाही दिसत होतं. तक्रार लंडनला गेली. तिथे बोर्ड ऑफ ट्रेडचे मेजर जनरल पॅस्ली यांनी जाणकारांना विचारलं आणि ५ फूट ३ इंच ठरवलं. १८४६च्या कायद्यानं त्यावर शिक्का बसला. अल्स्टर रेल्वेला टाकलेले रूळ उखडून आत घ्यावे लागले, किंग्सटाउनच्या लाइनला १८५७ साली बाहेर सरकवावे लागले.

पॅस्लींनी सगळ्यांच्या आकड्यांची चक्क सरासरी काढली, असं इथे गमतीनं सांगतात. वरच्या तीन गेजांची सरासरी काढून पाहा, ५ फूट ४ इंचांच्या आसपास येते. म्हणजे गोष्ट असेल तर ती इतकी सरळ नसावी.

३. मॉडेलमध्ये हे किती मिलिमीटर होतं?

कोणत्या प्रमाणात बांधता त्यावर. आयर्लंडमध्ये बहुतेक मंडळी फुटाला ४ मिमी या प्रमाणात काम करतात, म्हणजे १:७६.२. सव्वापाच फूट गुणिले चार, बरोबर २१ मिमी. इतका गोल आकडा सहसा नशिबी येत नाही. इंग्लिश प्रमाण गेज याच हिशेबानं १८.८३ मिमी येतं आणि ते लोक जन्मभर ती ०.८३ वाहतात.

फुटाला ७ मिमी घेतले तर ३६.७५ मिमी. १:६४ घेतलं तर पुरते २५ मिमी. १:८७ला १८.४च्या किंचित खाली आणि फुटाला २ मिमी घेतले तर साडेदहा. पहिल्यांदाच करत असाल तर २१ मिमीच घ्या. नकाशे, किट, चाकं आणि सल्ला, सगळं त्याच प्रमाणात सापडतं. खालची उत्तरंही त्याच प्रमाणाची आहेत.

४. मग दुकानातली आयरिश इंजिनं १६.५ मिमीच्या रुळांवर का चालतात?

कारण इंग्लंडमध्ये शंभरएक वर्षांपूर्वी झालेली तडजोड अजून सुटलेली नाही. त्या काळच्या मोटरी मोठ्या आणि इंग्लिश इंजिनं बारकी. मोटर बसावी म्हणून इंजिन फुटाला ४ मिमी केलं, रूळ मात्र साडेतीन मिमीच्या हिशेबाचे, १६.५चे ठेवले. त्याला डबल ओ म्हणतात. इंग्लिश रेल्वेसाठीसुद्धा हे रूळ अरुंदच आहेत. आयरिश गाडीखाली गेले की ४ फूट दीड इंचाची रेल्वे होते, खऱ्यापेक्षा साडेतेरा इंच कमी.

मर्फी मॉडेल्सनं जनरल मोटर्सची इंजिनं काढली, आयरिश रेल्वे मॉडेल्सनं १९५५चं ए वर्गातलं मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स काढलं. वरचा सांगाडा दोघांचाही बघत राहावा असा. पण घरोघरी १६.५चे रूळ पडलेले असताना कारखाना २१ मिमीची चाकं लावून माल विकेल तरी कुणाला? त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या आधी लोक इंग्लिश इंजिनाला काळा-तपकिरी रंग फासून त्याला आयरिश म्हणत होते.

५. साडेचार मिलिमीटरनं खरंच फरक पडतो? बाजूनं तर काही दिसत नाही.

बाजूनं दिसत नाही, खरं आहे. समोरून पाहा. १६.५वरचं आयरिश इंजिन समोरून पाहिलं की धिप्पाड माणसानं पाय जुळवून उभं राहावं तसं दिसतं. सगळ्यात जास्त फरक रिकाम्या रुळांवर कळतो. गाडी नसतानाही २१ मिमीची लाइन बसकी, ऐसपैस दिसते. आयर्लंडच्या बोगवरून, म्हणजे दलदलीच्या माळावरून, जाणारी खरी एकेरी लाइन पाहिलेल्याला ती ओळखू येते.

तरीही स्पष्ट सांगतो. गाड्या पळवायच्या असतील, मुलांसोबत खेळायचं असेल किंवा वर्षभरात रेल्वे उभी राहायला हवी असेल, तर १६.५वरच राहा. त्यात कमीपणा काही नाही. इथले कितीतरी उत्तम कारागीर १६.५वर काम करतात आणि देखाव्यात मला दहा वेळा हरवतात. २१ मिमी घेणं म्हणजे रूळ, सांधे आणि निम्म्या गाड्यांच्या चाकांची व्यवस्था आपल्या हातानं करायची, हे मान्य करणं. ज्याला त्यातच गोडी आहे त्यानं यात पडावं.

६. सुरुवात कशानं करू? आधी इंजिन घेऊ का?

इंजिन सगळ्यात शेवटी. माझी पहिली चूक तीच होती. इंजिन आणलं, आणि दीड वर्ष ते खोक्यातून बाहेर पडलं नाही, कारण त्याच्याखाली रूळच नव्हते.

एक मीटर सरळ रूळ हातानं बांधा. मग एक चारचाकी वाघीण घ्या, तिला २१ मिमीची चाकं लावा आणि बोटानं ढकला. ती सरळ, न डगमगता गेली की एक सांधा बांधा. त्यावरून तीच वाघीण दोन्ही वाटांनी पन्नास वेळा ढकला. इथवर आलात तर पुढे जाल. इथेच कंटाळा आला तर खर्च फार झालेला नसतो आणि वाघिणीला १६.५ची चाकं परत लावता येतात.

७. २१ मिमीचे तयार रूळ विकत मिळतात का?

१६.५चे लवचीक रूळ जसे कुठल्याही दुकानात गठ्ठ्यानं मिळतात तसे मिळतील या भरवशावर बेत आखू नका. हातानं बांधायचे हेच धरून चाला. ते वाटतं तितकं अवघड नाही आणि मला तर या छंदातला सगळ्यात शांत वेळ तोच वाटतो.

दोन पद्धती आहेत. पहिलीत तांब्याचा पत्रा चढवलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्ट्या स्लीपर म्हणून वापरतात आणि निकल सिल्व्हरचा रूळ त्यांना डाख देऊन जोडतात. पट्टी साधारण साडेतीन मिमी रुंद. मजबूत, स्वस्त, चुकलं तर डाख वितळवून पुन्हा जोडता येतं. एक गोष्ट विसरू नका: प्रत्येक पट्टीवरचं तांबं मधोमध कानशीनं कापायचं. नाहीतर एक रूळ दुसऱ्याला स्लीपरमधून जोडला जातो आणि शॉर्ट होतो. मी चाळीस स्लीपर जोडून झाल्यावर मीटर लावला होता. त्यातला एकच कापायचा राहिला होता. तो शोधण्यात रविवार गेला.

दुसऱ्या पद्धतीत लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या स्लीपरवर प्लॅस्टिकच्या चेअर, म्हणजे रूळ धरणाऱ्या बैठका, सरकवून चिकटवतात. दिसायला ही सरस, जुन्या बुलहेड रुळांसाठी तर हीच. पण डाख देण्याची काडी जवळ गेली की चेअर मेणासारखी वितळते, म्हणून तारा आधी जोडून घ्या. मी सांध्याच्या नाजूक जागी तांब्याच्या पट्ट्या आणि बाकी ठिकाणी चेअर, असं मिसळून करतो.

दोन्हींत एक हत्यार लागतंच: २१ मिमीचं गेज. खाचा पाडलेला पितळी दांडाही चालतो, तिपाईसारखं तीन टेकूंचं गेजही चालतं. वळणावर तिपाईचं चांगलं, ते आपोआप केसभर रुंदी वाढवून देतं. ओळखीचा लेथवाला असेल तर त्याच्याकडून करून घ्या. आराखड्यासाठी टेम्प्लॉट नावाची संगणक प्रणाली आहे. तिला हवं ते गेज सांगितलं की सांध्याचा पूर्ण मापाचा कागद छापून मिळतो, त्यावरच स्लीपर चिकटवत जायचं.

८. चाकांमधलं अंतर किती ठेवायचं? कुणी १९.३ सांगतं, कुणी १९.९.

दोघंही बरोबर. फक्त एकात दुसरं मिसळू नका.

अंतर मोजायचं ते एका चाकजोडीतल्या दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं. इंग्लिश मंडळींची दोन घराणी आहेत. ईएम घराण्यात रूळ १८.२ आणि चाकांच्या पाठींत १६.५, फरक १.७. पी-फोर घराण्यात रूळ १८.८३ आणि पाठींत १७.७५, फरक १.०८. आपण रूळ २१ केले आणि हेच फरक वजा केले, की ईएमच्या ढिलाईनं १९.३ मिळतं आणि पी-फोरच्या काटेकोरपणानं १९.९२.

याच्याबरोबर सांध्यातली फटही ठरते. पहिल्यात चेकरेल (रुळाशेजारी आतून चाकाला धरणारी जादा पट्टी) आणि रुळातली फट १ मिमी, दुसऱ्यात साधारण ०.६. पहिल्यातली चाकं दुसऱ्याच्या सांध्यात अडकतात. उलट केलं तर बारीक चाक रुंद फटीत धपकन पडतं. पी-फोरच्या चाकाची फ्लँज, म्हणजे रुळाच्या आत उतरणारी कड, जेमतेम ०.४ मिमी खोल असते, म्हणून तिथे गाडीची चारही चाकं सतत रुळाला टेकून राहायला हवीत. साधा उपाय असा, की एक अ‍ॅक्सल पक्का ठेवायचा आणि दुसरा मधल्या आसावर डुलता ठेवायचा. तिपाई कधी डुगडुगत नाही, तेच तत्त्व.

पहिल्या रेल्वेला मी १९.३ सुचवतो. माझी स्वतःची १९.९२ची आहे, आणि म्हणूनच सुचवतो.

९. माझ्याकडे मर्फीचं १४१ आहे. त्याची चाकं रुंद करता येतील?

डिझेल इंजिनात हे वाफेच्या इंजिनापेक्षा खूप सोपं आहे. तरी हातोडी उचलण्याआधी व्हर्नियर उचला. बोगीच्या, म्हणजे इंजिनाखाली चाकं धरणाऱ्या गाड्याच्या, दोन बाजूंच्या चौकटींमधलं मोकळं अंतर मोजा. हिशेब असा: पाठींत १९.३, दोन चाकांची जाडी मिळून ४.६, झाले २३.९. दोन्हीकडे अर्धा अर्धा मिमी हालायला जागा. म्हणजे २५ मिमीच्या आसपास मोकळं हवं. कमी पडत असेल तर चौकटीची आतली बाजू घासून पातळ करावी लागते.

दातेरी चाक अ‍ॅक्सलच्या मधोमध असतं, ते तिथेच ठेवून लांब अ‍ॅक्सल घालायचा आणि चाकं बाहेर सरकवायची. मग दोन गोष्टी राहतात आणि त्याच लोक विसरतात. वीज घेणाऱ्या पितळी पट्ट्या जुन्या चाकांच्या पाठीला टेकत होत्या, त्या बाहेर वाकवाव्या लागतात. आणि ब्रेकचे ठोकळे १६.५च्या रेषेत ओतलेले असतात. ते तसेच ठेवले तर चाक एकीकडे आणि ब्रेक दुसरीकडे लटकतो, समोरून पाहणाऱ्याला पहिलं तेच दिसतं. कापून, मागे प्लॅस्टिकची चिपटी लावून बाहेर चिकटवा. जुनी चाकं पिशवीत घालून खोक्यात ठेवा, पुढेमागे विकायचं झालं तर लागतील.

१४१ची निवडही चांगली आहे. १९६२ साली अमेरिकेतून आलेली ही ३७ इंजिनं प्रवासी गाडीपासून मालगाडीपर्यंत सगळीकडे दिसत, त्यामुळे ती कुठल्याही स्टेशनात शोभतात. २०१ वर्गाचं हवं असेल तर त्याचा एक किस्सा: १९९४ साली त्यातलं पहिलं इंजिन कॅनडाहून अँतोनोव्ह विमानात घालून डब्लिनला उतरवलं होतं.

१०. वाफेचं इंजिन करायचं आहे. पहिलं कोणतं घेऊ?

जे-१५. ग्रेट सदर्न अँड वेस्टर्न रेल्वेचं हे सहाचाकी इंजिन १८६६ ते १९०३ या काळात एकूण १११ बनलं. आयर्लंडात याहून जास्त संख्येचा वर्ग नाही. त्यातली १८४ आणि १८६ नंबरची दोन जपलेली आहेत, म्हणजे फोटो आणि मापं हवी तेवढी. मॉडेल करणाऱ्याला खरा फायदा वेगळाच: सिलिंडर आत आहेत. बाहेर फक्त कपलिंग रॉड, म्हणजे चाकांना एकमेकांशी जोडणारा दांडा. चाकं साडेचार मिमीनं पसरली की बाहेरच्या सिलिंडरांची जी घुसमट होते ती इथे नाही. पुढे वाट दाखवणारं छोटं चाकही नाही, तेव्हा वळणावर काही आपटत नाही. चाकांचा व्यास ५ फूट पावणेदोन इंच, मॉडेलात २०.६ मिमी.

किटमधला खालचा सांगाडा १६.५साठी असेल तर तो बाजूला ठेवा आणि मधले स्पेसर रुंद कापून नवा जोडा. पाठींतलं अंतर १९.९२ असेल तर सांगाड्याची बाहेरून रुंदी साडेसतरा-अठरापर्यंत जाऊ शकते. आत इतकी जागा मिळते की मोटर बसवताना इंग्लिश मित्र हेवा करतात. स्टुडिओ स्केल मॉडेल्स आणि वर्स्ली वर्क्स यांच्या पितळी किटांची नावं वारंवार ऐकाल. हे छोटे उद्योग आहेत. आज काय शिल्लक आहे ते विचारून मगच बेत करा.

बाहेरचे सिलिंडर हवेच असतील तर वुलविच मोगल या इंजिनाकडे पाहा. इंग्लंडमध्ये मॉन्सेल या इंजिनिअरनं आखलेल्या एन वर्गाचे भाग वुलविचच्या शस्त्रकारखान्यात सुटे बनून पडले होते. आयर्लंडनं ते स्वस्तात घेतले, १९२५ पासून इथे जोडले आणि गेज ५ फूट ३ इंच केलं. म्हणजे खऱ्या रेल्वेनंच इंग्लिश किट आणून रुंद केलं. मॉन्सेल स्वतः आयरिश, आधी डब्लिनच्या इंचिकोर कारखान्याचा प्रमुख. तुम्ही इंग्लिश एन वर्गाचं किट आणून २१ मिमीला बसवलंत तर परंपरेत बसतं.

११. वाघिणीला २६ मिमीचा अ‍ॅक्सल चालेल का?

चालेल, पण ओढूनताणून. टोकदार अ‍ॅक्सलची लांबी इंग्लिश गाड्यांत २६ मिमी असते. आपल्या चाकांच्या बाहेरच्या कडांमध्येच जवळपास २४ मिमी जातात (हिशेब प्रश्न ९ मध्ये). प्रत्येक बाजूला उरतो एक मिमी. त्यात पितळी वाटी, तिला धरणारा पत्रा आणि थोडी हालचाल कोंबायची. शिवाय आयरिश गाडीत अ‍ॅक्सलबॉक्सही चाकांबरोबर बाहेर गेलेले असतात. मी २८ मिमीचे वापरतो. घेण्याआधी किटच्या चौकटीची रुंदी मोजा.

१२. वळण किती ठेवायचं?

ट्रेन-सेटमधली ४३८ मिमीची वळणं विसरा. दिसणाऱ्या भागात १.२ मीटर त्रिज्येच्या खाली जाऊ नका, लपलेल्या भागात फार तर एक मीटर. म्हणूनच २१ मिमीच्या बहुतेक रेल्वे गोल फिरत नाहीत. एका टोकाला स्टेशन, दुसऱ्या टोकाला पडद्याआड गाड्या उभ्या करायची जागा, असाच आराखडा असतो.

दुहेरी लाइन असेल तर दोन लाइनींच्या मध्यरेषांतलं इंग्लिश अंतर ४४.६७ मिमी तसंच उचलू नका. मधली मोकळी जागा सहा फूटच धरली तरी आपलं अंतर ४६.८ येतं.

१३. डीसीसी (डिजिटल पद्धतीनं इंजिनं चालवणं) वेगळं लागतं का?

नाही. विजेला गेज कळत नाही. सांध्याच्या क्रॉसिंगला (जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे) मात्र स्वतंत्र तार आणि दिशा बदलणारा स्विच द्या.

१४. कोणतं स्टेशन बांधू? जागा फार नाही.

जागा नसलेल्यांसाठी आयर्लंडइतका दयाळू देश नाही.

वॉटरफर्ड ते ट्रामोर पाहा. सव्वासात मैलांची लाइन, दोन टोकांना दोन स्टेशनं, मध्ये एकही नाही, आणि देशातल्या बाकी रेल्वेशी कुठेही जोडलेली नाही. सुरू झाली १८५३ साली, आपली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली त्याच वर्षी. बंद झाली १९६०च्या अखेरीला. चार गाड्यांत पूर्ण रेल्वेचा साठा होतो.

स्लायगो, लीट्रिम अँड नॉर्दर्न काउंटीज ही माझी लाडकी. गुरं वाहून पोट भरणारी, कायम कडकीत. तिच्या इंजिनांना नंबर नसत, फक्त नावं. लॉख मेल्व्हिन आणि लॉख अर्न ही शेवटची दोन इंजिनं मँचेस्टरच्या बायर पीकॉकनं १९४९ साली बनवली, पण रोख द्यायला पैसे नव्हते म्हणून १९५१ साली हप्त्यांवर आली. १९५७ला लाइनच बंद झाली. लॉख अर्न आजही व्हाइटहेडला आहे.

आणि पुस्तकांच्या फळीएवढीच जागा असेल तर टायरोन परगण्यातलं फिंटोना. जंक्शनपासून गावापर्यंत पाऊण मैल, पुरत्या ५ फूट ३ इंचांवर, आणि त्यावर घोड्यानं ओढलेली ट्राम. १९५७ पर्यंत ती चालली. ट्राम कल्ट्राच्या संग्रहालयात आहे, जाऊन मोजता येते.

१५. नॅरोगेजही हवी. एकाच फळीवर जमेल?

जमेल, आणि दिसेलही छान. आयरिश नॅरोगेज ३ फुटांची, मॉडेलात १२ मिमी. या रुंदीचे रूळ आणि चाकं टीटी प्रमाणाच्या मालातून मिळतात. दोन्ही गेज एकत्र येण्याची खरी ठिकाणंही होती: स्ट्रबेनला काउंटी डोनेगॉलची छोटी गाडी आणि ग्रेट नॉर्दर्नची मोठी, ड्रोमोडला कॅव्हन अँड लीट्रिमची. मोठ्या गाडीतून छोटीत माल हमाल हातानं चढवत, तेव्हा तीन-चार हमाल ठेवायला विसरू नका.

१६. मी मेलबर्नला असते. इथली लोकल याच गेजची आहे असं ऐकलं. खरं का?

खरं. तुम्ही रोज आयरिश गेजवरून ऑफिसला जाता. १८५०च्या सुमारास न्यू साउथ वेल्समध्ये शील्ड्स या आयरिश इंजिनिअरनं ५ फूट ३ इंच गळी उतरवलं, व्हिक्टोरियानंही तेच धरून माल मागवला. मग न्यू साउथ वेल्सनं इंजिनिअर बदलला, मत बदललं आणि ४ फूट साडेआठ इंच घेतलं. व्हिक्टोरियाचा माल तोवर निघाला होता. ब्राझीलमध्येही हे गेज आहे.

मॉडेलात मात्र ऑस्ट्रेलियात १:८७ जास्त चालतं, आणि बहुतेक लोक १६.५वरच धावतात. बरोबर करायचं तर १८.४ मिमी. इथल्या २१च्या युक्त्या लागू पडतील, मापं नाहीत.

१७. भारतात बसून हे करता येईल? सामान कुठून आणू?

रूळ आणि चाकं बाहेरून मागवावी लागतील, त्यांना पर्याय नाही. बाकी बरंच घरचं आहे. तांबं चढवलेला बोर्ड लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत मिळतो, कापून आणा. पितळी पत्रा, डाख, कानशी आपल्याकडे स्वस्त आणि चांगल्या. फळीसाठी साधं प्लायवूड नको, पावसाळ्यात फुगतं. बॉइलिंग-वॉटर-प्रूफ घ्या आणि कापलेल्या कडांनाही वॉर्निश मारा. डब्लिनच्या माळ्यावर बारा महिने श्रावण असतो, तेव्हा हे अनुभवानं सांगतो.

यात थोडं आडवंही पाहा. आपलं ५ फूट ६ इंच फुटाला ४ मिमी प्रमाणात बरोबर २२ मिमी येतं. गेज आणि चाकांची मापं एक मिमीनं वाढवलीत की वरच्या सगळ्या पद्धती जुन्या जीआयपी रेल्वेलाही लागू होतात. कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहून ज्यांना हुरूप येतो त्यांनी या वाटेचाही विचार करावा.

१८. १८४५ सालची अल्स्टर रेल्वे केली तर? आणि डब्लिनची लुआस?

या दोन्हींत २१ मिमी चुकीचं ठरेल. १८४६ आधीची अल्स्टर ६ फूट २ इंचांवर होती, मॉडेलात २४.६७ मिमी. किंग्सटाउनची लाइन १८५७ पर्यंत प्रमाण गेजवर, म्हणजे १८.८३. लुआस ही आजची ट्रामसुद्धा १४३५ मिमीवर धावते, तिलाही १८.८३च. म्हणजे आयर्लंडात राहून इंग्लिश पी-फोरचे रूळ वापरायचे असतील तर ट्राम करा.

१९. सगळं मोजून केलं, तरी एकच डबा एकाच सांध्यावर उडतो. काय चुकलं?

आधी डबा उलटा फिरवून ढकला. दुसऱ्या टोकाचं चाक उडायला लागलं तर संशय सांध्यावर, तेच टोक कुठूनही उडत असेल तर दोष डब्यात. बाकी गाड्याही तिथे अडखळत असतील तर सांध्यात.

डब्यात असेल तर प्रत्येक चाकजोडीचं अंतर तीन ठिकाणी मोजा, चाक अर्धं-अर्धं फिरवून. आकडे वेगळे आले तर चाक अ‍ॅक्सलवर तिरकं बसलंय. मग काचेच्या तुकड्यावर डबा ठेवून कोपरे दाबा. डुगडुगला तर सांगाडा पिळलाय. वजनही पाहा, हलका डबा कुठेही उडतो.

सांध्यात असेल तर दहातल्या आठ वेळा चेकरेल दोषी असते. ती चाकाच्या पाठीला धरून पलीकडचं चाक क्रॉसिंगच्या टोकापासून दूर ठेवते. तिची फट जरा जरी मोठी झाली की चाक टोकावर आपटतं. मी एकदा सांधा उखडून पुन्हा बांधला, पुन्हा तेच. शेवटी कळलं, गेजवरच डाखाचा कण चिकटला होता आणि मी त्याच गेजनं दोन्ही वेळा मोजलं होतं.

२०. फिंटोनाची ट्राम करतोय. घोडा चालवायचा कसा?

हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की मी घोडा बांधायला घेतला. ट्रामच्या फरशीखाली बारकी मोटर बसते आणि ती घोड्याला पुढे ढकलते. म्हणजे घोडा ट्राम ओढत नाही, ट्रामच घोड्याला हाकते. दोन रुळांच्या मध्ये घोड्याच्या पोटाखाली पातळ तारेची दांडी असते, गवतात ती लपते. पाय हलत नाहीत. ते हलवायचा एक प्रयत्न केला, घोडा नाचायला लागला. आता तो जंक्शनवर थांबलेला दाखवलाय, तोंडाला दाण्याची पिशवी. फिंटोनाला घोडा बदलला तरी नाव तेच राहायचं म्हणतात, म्हणून माझाही डिकच आहे.